वर्षाचं तिखट

होळी उलटली की आमच्या तरसालीच्या रस्त्याला मसाल्यांचे मंडप लागतात. बांबू, वर हिरव्या जाळीचं कापड आणि खाली मिरच्यांचे ढीग. रेशमपट्टी, काश्मिरी, आणि नुसतं बघूनच नाक हुळहुळावं अशी ती बारकी, काळपट लाल. तोंडाला ओली फडकी बांधलेली माणसं मिरच्या कुटणाऱ्या डंकीसमोर बसलेली असतात आणि त्या डंकीचं धप् धप् भर दुपारी सगळी सोसायटी निजली तरी थांबत नाही. सिग्नलला उभे असलेले स्कूटरवाले ओळीने शिंकतात. एक शिंकला की त्याच्या मागचा, मग त्याच्या मागचा. एकमेकांकडे बघून हसतात. बडोद्यात उन्हाळा असा येतो, आधी नाकात आणि मग अंगावर.

मला मात्र या दिवसांत हसू येत नाही. मिरचीचा पहिला वास आला की पोटात काहीतरी ताठ उभं राहतं. तो राग आहे. जुना आहे, पण शिळा झालेला नाही. माझी नणंद ध्यानाच्या वर्गाला जाते. ती म्हणते, "वहिनी, सोडून द्या आता. राग धरला की आपलंच रक्त आटतं." माझं रक्त आटलेलं नाही. मध्यंतरी तपासून घेतलं, हिमोग्लोबिन उत्तम आहे. मी पन्नाशी ओलांडली आहे. माझ्या कामावर माझं नाव लागतं. वरच्या खोलीत खिडकीशी टेबल आहे, सकाळभर तिथे चित्रं काढते-पुसते, उन्हं कलली की टेबल आवरून खाली येते आणि मग कामाचा विचारही करत नाही. झोप चांगली लागते. नव्याने या धंद्यात आलेल्या मुली विचारतात, ताई, या वयात हे समाधान, हा समतोल कसा साधलात? मी त्यांना काहीबाही सांगते. वेळेचं नियोजन वगैरे. खरं उत्तर निमेष हे आहे, आणि त्याला मी माफ केलेलं नाही.

निमेष आणि मी एकाच वर्गात चित्रकला शिकलो. त्याला चित्र बेताचं यायचं, पण बोलणं असं की समोरच्याला वाटावं, हा माझ्याच मनातलं सांगतोय. मला बोलणं बेताचं यायचं. म्हणून त्याने फतेगंजात स्टुडिओ काढला तेव्हा मी टेबलावर बसले आणि तो क्लायंटसमोर बसला. लेबलं, पाकिटं, डबे. खाकऱ्यापासून खोबरेल तेलापर्यंत सगळं. बडोद्यातल्या कुठल्याही किराणा दुकानात फळीवरून नजर फिरवली तर अर्धंअधिक माझ्या हातचं होतं, आणि कुठेही माझं नाव नव्हतं. ते मला खुपायचं नाही. पाकिटावर कोण कुणाचं नाव टाकतं? संसारात जसं एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने करायचं असं आपोआप ठरून जातं, तसं ते ठरून गेलं होतं. अशी वीसेक वर्षं गेली. दुपारचा चहा आम्ही एकत्र घ्यायचो, बोलायचो गुजरातीत, आणि त्याची आई, ज्यांना मीही बा म्हणायचे, त्याच्या डब्यात माझ्यासाठी दोन ठेपले जास्त द्यायच्या.

ज्या वर्षाबद्दल मी लिहिते आहे त्या वर्षी चैत्रात माझी आई माझ्याकडे होती. एरवी ती नागरवाड्यात, धाकट्या भावाकडे राहायची. तिथले जिने तिला झेपेनात म्हणून मी तिला तरसालीला आणलं. आल्या आल्या तिने स्वयंपाकघरातले डबे उघडून पाहिले आणि विचारलं, "तिखट कुठून आणतेस?"

"पाकिटातलं असतं."

तिने डबा बंद केला. "पाकिटं काढतेस ते ठीक आहे. पण खातेससुद्धा?"

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ती मंडपात गेली. मिरची हातात घेऊन मोडायची, कानाशी धरून तिचा आवाज ऐकायची, बी बाहेर काढून जिभेला लावायची. मंडपवाला म्हणाला, "माजी, बधी सरस छे," म्हणजे सगळीच उत्तम आहे. आई त्याला तिच्या गुजरातीत म्हणाली, ते तू नको सांगू, मिरची सांगेल. मग आठवडाभर आमच्या अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, जुन्या सुती साड्या अंथरून मिरच्या वाळत होत्या. कडुनिंबाला मोहोर आला होता, त्याचा गोडसर कडू वास, त्यात मिरचीचा खाट, आणि पायाखाली तापलेली लादी. सकाळी ऊन चढायच्या आत आई पाटावर बसून देठं खुडायची. मी तिच्यासमोर बसायचे, कामाला जाण्याआधी.

तेव्हाच आमच्याकडे एका मसाला कंपनीचं काम आलं होतं. मालक हसमुखभाई, घरचाच धंदा, तो वाढवायचा होता, आणि नवं पाकीट हवं होतं. निमेषने त्यांना तीन-चार कल्पना बोलून दाखवल्या होत्या, त्यातली एकही कागदावर उतरत नव्हती. आईसमोर बसल्यावर मला कळलं की पाकिटावर बाकी काही नको, हा हात हवा. म्हातारा, पातळ कातडीचा, शिरा वर आलेला, आणि मिरचीचं देठ चिमटीत धरताना अगदी हलका. आईची अनामिका वाकडी होती. लग्नानंतर पहिल्याच वर्षी सासरच्या दारात सापडली होती, आणि त्या काळी सुनेचं बोट कोण डॉक्टरला दाखवणार. ते तसंच सांधलं. देठ खुडताना ते बोट बाजूला राहायचं, मानी माणसासारखं.

मी काढायला लागले तेव्हा ती म्हणाली, "हात काय काढतेस? तोंड काढ."

"तोंड सगळेच काढतात."

"मग निदान बांगड्या घालून येऊ दे."

मी नको म्हटलं. ती पुटपुटत खुडत राहिली. त्या सकाळी मी किती कागद काळे केले ते मोजलं नाही. दुपारी निमेषसोबत चहा पिताना मी त्याला सगळं सांगितलं. मिरचीचा आवाज ऐकणारी आई, दारात सापडलेलं बोट, मी लहानपणी तिच्या शेजारी बसून देठं वेगळी करायचे आणि डोळ्याला हात लावला की ती माझ्या डोळ्यात फुंकर मारायची, ते सगळं. तो हनुवटीला हात लावून ऐकत होता. इतकं छान ऐकायचा तो.

प्रूफ छापून आलं तेव्हा आई अंथरुणाला लागली होती. उन्हाळा कडक होता, ताप येत-जात होता. मी पाकीट तिच्या हातात दिलं. तिने ते डोळ्यांजवळ नेलं, दूर नेलं. "बोट वाकडंच काढलंस होय."

"वाकडंच आहे."

"आहे. पण सगळ्या गुजरातला दाखवायची काय गरज होती?" असं म्हणाली आणि पाकीट उशीखाली ठेवून दिलं. कोणी भेटायला आलं की उशीखालून काढायची. ज्येष्ठ संपायच्या आत ती गेली.

पाकीट बाजारात आलं आणि चाललं. असं चाललं की दिवाळीपर्यंत ते माझ्या माहेरच्या गल्लीतल्या दुकानातसुद्धा माळेसारखं टांगलेलं होतं. आईला गमावल्यानंतरच्या त्या महिन्यांत मी मुद्दाम त्या दुकानासमोरून जायचे. दुसऱ्यांच्या घरात जाणारा तिचा हात पाहायचे.

हिवाळ्यात आमच्या धंद्यातल्या लोकांचा एक समारंभ झाला, एका हॉटेलच्या हॉलमध्ये. त्या पाकिटाला पारितोषिक मिळालं. निमेष मंचावर गेला. मी चौथ्या-पाचव्या रांगेत होते, शेजारी आमच्या स्टुडिओतले इतर, पुढे हसमुखभाई आणि त्यांचं कुटुंब. निमेषने माइक हातात घेतला आणि म्हणाला, "हा माझ्या बांचा हात आहे."

मला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तो बोलत राहिला. बा मिरची कानाशी धरून तिचा आवाज ऐकते. लहानपणी मी तिच्या शेजारी बसून देठं खुडायचो. डोळ्याला हात लागला की ती फुंकर मारायची. बोट दारात सापडलं होतं, तेही त्याने सांगितलं. आवाज कुठे खाली आणायचा ते त्याला नेमकं माहीत होतं. पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या. सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, आणि माझेही हात टाळ्या वाजवत होते. ते मी कसं केलं ते मला अजून कळत नाही.

खाली आल्यावर मी त्याला बाजूला बोलावलं. तो म्हणाला, "शुभदा, दिल पर नको घेऊ. लोकांना एकच माणूस आणि एकच गोष्ट लागते. स्टुडिओचा हात, स्टुडिओची बा. त्यात तुझं काय गेलं?"

"माझी आई गेली," मी म्हटलं. त्याला वाटलं मी दुःखात आहे. त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले नाही. त्यानंतर कधीच गेले नाही.

पुढच्या चैत्रात मंडप लागले तेव्हा रिक्षांच्या पाठीवर जाहिराती होत्या. आईचा हात, वाकडं बोट, आणि खाली गुजरातीत, बांच्या हातचा स्वाद. फतेगंजच्या पुलावर, स्टेशनच्या नाक्यावर, माझ्या पुढे आईचा हात चालला होता आणि तो कुणा दुसऱ्याच बाईचा होता. मी घरी बसून होते. शेजारणी म्हणायच्या, बरं केलंत, आता आराम करा. मला आराम नको होता. मला निमेष हवा होता, समोर, मान खाली घातलेला. सकाळी डोळे उघडले की मी तेच चित्र काढायचे मनात. कधी त्याचा चेहरा असा, कधी तसा. देवाला हात जोडतानासुद्धा तेच मागायचे, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

श्रीकांत, माझा नवरा, मकरपुऱ्यातल्या कारखान्यात होता. कमी बोलणारा माणूस. एकदा जेवताना त्याने विचारलं, "स्वतःचं काम का घेत नाहीस?"

"मला क्लायंटशी बोलता येत नाही."

"निमेषबद्दल बोलतेस तेव्हा तर छान बोलतेस. मुद्देसूद. आवाजही चढत नाही. तसंच बोल."

मला हसू आलं, पण ते खरं होतं. पहिली क्लायंट लोणची करणारी एक बाई होती. तिच्यासमोर मी आधी नुसती वही उघड-मिट केली. मग मी मनात निमेषला तिच्या शेजारी बसवलं, आणि हे काम याच्या हाती जाऊ द्यायचं नाही असं ठरवून बोलले. तिने काम दिलं. मग खाकरेवाले, मग अगरबत्तीवाले. जिथे जाईन तिथे मी आधीच सांगायचे की चित्राखाली माझी सही राहील, बारीक, पण राहील. काहींनी नकार दिला. मी उठून आले. वीस वर्षं मला जे मागायचं सुचलं नव्हतं ते रागाने सुचवलं. आणि कामही बदललं. पूर्वी मी लोकांना आवडेल असं काढायचे, आता मला पुसून टाकता येणार नाही असं काढायला लागले. लोक म्हणतात, रागाने माणूस आंधळा होतो. मला तर तेव्हा पहिल्यांदा नीट दिसायला लागलं.

मग एका चैत्रात निमेषचा फोन आला. आवाज तोच, साखरेचा. हसमुखभाईंना हळद, हिंग, धणे-जिरे, गरम मसाला, सगळ्यांची नवी पाकिटं हवी होती, आणि प्रत्येकावर तोच हात, वेगवेगळं काम करणारा. स्टुडिओतल्या मुलांनी काढून पाहिलं होतं. एकात बोट सरळ झालं, एकात उजव्याचा डावा झाला, एकात तो हात रबरी मोज्यासारखा दिसत होता. हसमुखभाई म्हणाले होते, "आ बा नथी." ही बा नव्हे.

निमेष घरी आला. लिलो चिवडा घेऊन आला, बडोद्याचा तो ओलसर, मला आवडतो म्हणून. मी पाणी दिलं. तो म्हणाला, "परत ये. भागीदार म्हणून. दारावर दोन नावं."

"एका अटीवर. हसमुखभाईंसमोर सांगायचं की हात कुणाचा आहे."

तो हसला. मग माझा चेहरा पाहून हसणं आवरलं. "आता कसं सांगणार? बा मंदिरात जाते तिथे सगळ्या बायका तिचा हात हातात घेतात. पाकीट देवाजवळ ठेवलंय तिने. तू तिला जाऊन सांगशील, हा तुझा हात नाही म्हणून? सांगशील, शुभदा?"

तो बांच्या आड उभा राहिला होता. मी त्याला चिवड्यासकट परत पाठवलं. दोन दिवस मी घरात फेऱ्या घातल्या, आणि मग ठरवलं की हो, सांगेन. म्हाताऱ्या बाईला दुखेल, तर दुखू दे. माझ्या आईलाही कुणी विचारलं नव्हतं.

निमेष स्टुडिओत असेल अशा वेळी मी त्याच्या घरी गेले. बांनी दार उघडलं. "आव बेटा, बेस." काचेच्या पेल्यात छाश आणली, म्हणजे ताकच, वर जिऱ्याची पूड. देवाच्या फळीवर पाकीट उभं होतं, कुंकवाचं बोट लावलेलं. मी वाक्य घोटून आले होते. बा माझ्या नजरेच्या दिशेने बघत होत्या. त्या उठल्या, पाकीट फळीवरून काढलं, माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि त्याच्या शेजारी आपला हात पालथा ठेवला. गोलसर, आखूड बोटांचा हात होता. सगळी बोटं सरळ, अंगठ्याशी भाजल्याचा एक डाग.

"मी आंधळी नाही," बा म्हणाल्या. "तुझ्याकडे चैत्राचं पन्हं प्यायला आले होते ना? तुझ्या आईने पेला दिला होता मला. पाकिटावरच्या याच हाताने."

घोटलेल्या वाक्याचा आता उपयोग नव्हता. मी विचारलं, "मग बा, तुम्ही गप्प का राहिलात?"

"मुलगा सांगतो, मी मान हलवते. या वयात मुलाच्या घरात राहायचं असतं, बेटा." त्यांनी हात मागे घेतला आणि पदराखाली ठेवला. "मंदिरात बायका हात धरायला येतात. मी असाच ठेवते. कोणी नीट पाहू नये म्हणून."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, तो सगळा तिकडे, निमेषच्या नावावर जमा झाला.

"तुला जे करायचं ते कर," बा म्हणाल्या. "मी आडवी येणार नाही. फक्त मला बोलायला लावू नको."

मी हसमुखभाईंना थेट फोन केला आणि भेट मागितली. कचेरीत पोचले तर निमेष आधीच बसलेला होता, त्यांनी त्यालाही बोलावलं होतं. त्यांचा मुलगा होता, माल पाहणारे दोघे होते. सगळीकडे धण्याचा वास होता. मी म्हटलं, "हा हात मी काढलेला आहे." निमेष लगेच म्हणाला, "हो, हो, स्टुडिओत असताना शुभदानेच रेखाटला, मी बांना बसवलं होतं." अगदी सहज म्हणाला. टेबलावर जुन्या कॅलेंडरचं पान होतं, ते मी पालथं केलं आणि काढायला घेतलं. चिमटीतला हिंग. मग ओंजळीतली हळद. मग धणे चोळणारे दोन्ही तळवे. आई समोर नव्हती, पण मला बघावं लागलं नाही. तो हात मला जेवू घालणारा होता. पेन्सिलीचाच आवाज येत होता.

हसमुखभाई पुढे वाकले. "हाच. हाच तो." मग ते निमेषकडे वळले. "निमेषभाई, बांची आंगळी अशी वाकडी आहे? मी दोनदा पाया पडलोय, माझ्या लक्षात नाही आलं."

"वय झालं की होतात वाकडी," निमेष म्हणाला.

"चला, बांना व्हिडिओ कॉल करू. बघू तर." हसमुखभाईंनी मजेत म्हटलं. त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. त्यांच्या मुलाने मोबाइल काढलासुद्धा.

निमेषचा चेहरा उतरला. तो क्षण मी कितीतरी सकाळी मनात काढला होता, आणि तो माझ्या कुठल्याही चित्रापेक्षा चांगला निघाला. एसी चालू होता आणि त्याच्या वरच्या ओठावर घाम होता. फोन लागू दिला असता तर माझं काम तिथेच झालं असतं. पण बांनी एकच गोष्ट मागितली होती.

"बांना फोन नको," मी म्हटलं. "जे विचारायचं ते याला विचारा." आणि मी त्याच्याकडे तोंड करून बसले. "सांग."

तो माझ्याकडे बघत राहिला, डोळ्यांनी विनवत. वीस वर्षांचा चहा त्या डोळ्यांत होता. मी नजर हटवली नाही.

"शुभदाच्या आईचा आहे," तो म्हणाला.

"नाव घे."

"मालतीताई."

"मोठ्याने. मागे बसलेल्यांना ऐकू गेलं नाही."

"मालतीताईंचा हात आहे," निमेष म्हणाला, आणि त्याने मान खाली घातली. अगदी तशीच.

हसमुखभाईंनी ते कॅलेंडरचं पान उचलून पुन्हा पाहिलं. व्यापारी माणूस. म्हणाले, "बा कुणाची का असेना, बा तर आहे." पण काम त्यांनी निमेषकडून काढून मला दिलं, आणि माझी अट मान्य केली. आज कुठलंही पाकीट उलटं करून पाहा, खालच्या कडेला बारीक अक्षरांत आहे: हात मालतीचा, चित्र शुभदाचं. त्या कचेरीतली गोष्ट आठवड्याभरात धंद्यात सगळीकडे गेली. मी ती पसरवली नाही, पण कोणी विचारलं तर खोटंही बोलले नाही, आणि विचारणाऱ्याला चहाही पाजला. निमेषची कामं गळाली. वर्षभरात फतेगंजची स्टुडिओची जागा त्याने सोडली. मला आनंद झाला. ही गोष्ट मी नणंदेला सांगितली तेव्हा तिने कानांवर हात ठेवले. पण झाला, त्याला मी काय करू? त्याने जागा सोडली त्या रात्री मी श्रीखंड केलं होतं.

या वर्षी माघात बा गेल्या. मी बेसण्याला, म्हणजे त्यांच्याकडच्या शोकसभेला गेले, पांढरी साडी नेसून. तसबिरीत बा हसत होत्या. मी नमस्कार केला, बायकांत थोडा वेळ बसले, आणि निमेषशी न बोलता निघाले. तो म्हातारा दिसायला लागला आहे.

गेल्या आठवड्यात तो आमच्या दारात आला. या खेपेला हातात काही नव्हतं. बसला, आणि बराच वेळ त्याला सुरुवात सापडेना. निमेषला, सुरुवात.

"बांच्या एकाही फोटोत हात नाहीत," तो म्हणाला. "मी सगळे काढून पाहिले. भाचीच्या लग्नातले, यात्रेतले. त्या दिवसापासून ती फोटो काढताना हात पदराखाली घ्यायची. त्याच्या आधीचे आहेत त्यात ती लांब, लहान दिसते. मला आता तिचे हात आठवतात, पण नीट आठवत नाहीत. डाग कुठल्या हातावर होता, तेसुद्धा नाही." त्याने डोळे पुसले. हे नाटक नव्हतं, त्याचं नाटक मी ओळखते. "तू पाहिले आहेस. तू एकदा पाहिलं की विसरत नाहीस. काढून दे, शुभदा. मागशील ते करतो. पाहिजे तर सगळ्यांसमोर माफी मागतो."

मला ते हात दिसत होते. आखूड बोटं, गोल नखं, डाव्या अंगठ्याशी तो डाग, पिंपळपानाएवढा नाही, तुळशीच्या पानाएवढा.

"नाही," मी म्हटलं.

"अजून राग आहे?"

"आहे."

तो उठून गेला. मी दार लावलं. मी कोथिंबीर निवडली, पोळ्या केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर गेले तेव्हा हातातलं काम बाजूला सारलं, चांगला जाड कागद घेतला आणि बांचे हात काढायला बसले. टेबलावर पालथा ठेवलेला एक, आणि छाशचा पेला पुढे करणारा दुसरा. ऊन खिडकीच्या चौकटीवर चढेपर्यंत मी उठले नाही. श्रीकांत चहा घेऊन वर आला, माझ्या खांद्यावरून बघत उभा राहिला. त्यानेही बांच्या हातचं खाल्लेलं होतं, त्याला सांगावं लागलं नाही.

"त्याच्यासाठी?" त्याने विचारलं.

"माझ्यासाठी."

"त्याला देणार नाहीस?"

"नाही."

त्याने कागद उडू नये म्हणून पंखा कमी केला आणि खाली गेला. मी शेवटची सावली घातली आणि पेन्सिल ठेवली. चित्र चांगलं झालं होतं. आजवर काढलेल्या हातांत आईच्या खालोखाल. निमेषने पाहिलं असतं तर ओक्साबोक्शी रडला असता. तो ते पाहणार नाही.